संगणकसेवा अखंड राहण्यासाठी सामायिक साठवण कशी निवडावी?

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर किंवा सांवेर तहसिलीतील शेतकरी एखाद्या दाखल्यासाठी लोकसेवा केंद्रात येतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने शासन म्हणजे समोरची खिडकी होय. मध्य प्रदेशात २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा झाला व ठराविक सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा अधिकार ठरला. महाराष्ट्रातही २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम अमलात आला. मुदतीत काम न झाल्यास संबंधित अधिकाऱ्यास दंड करण्याची तरतूद या कायद्यांत आहे. परंतु अर्ज, नोंदी व दाखले आता कागदाच्या नस्तीत नसून दूरच्या संगणकात साठविलेले असतात. तो संगणक बंद पडला तर अधिकारी तत्पर असूनही काम होत नाही, आणि खिडकीवरून "सर्व्हर बंद आहे" एवढेच उत्तर ऐकून शेतकऱ्यास एक दिवसाची मजुरी व एसटीचे वा बसचे भाडे गमावून परत जावे लागते.

हे टाळण्यासाठी महत्त्वाच्या सेवा एका संगणकावर न ठेवता संगणकांच्या समूहावर ठेवल्या जातात. या समूहास क्लस्टर असे म्हणतात. अशा समूहाची उभारणी करताना सर्वांत अवघड निर्णय संगणकांच्या खरेदीचा नसतो, तर त्या सर्वांनी मिळून वापरावयाच्या माहितीसाठ्याचा असतो. हा साठा कसा निवडावा, त्यात कोणत्या चुका संभवतात व त्या कशा टाळता येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समूहाचे कार्य

समूहातील सर्वांत साधी रचना दोन सर्व्हरांची असते. एक काम करतो व दुसरा सज्ज राहतो. दोघांमध्ये ठराविक काळाने, बहुधा दर सेकंदास, एक लहानसा संदेश ये-जा करीत असतो. मनुष्याच्या नाडीप्रमाणे हा संदेश सर्व्हर जिवंत असल्याची खूण होय. काही वेळ हा संदेश आला नाही, तर दुसरा सर्व्हर पहिल्याचे काम आपल्याकडे घेतो. काही सेकंदांत अथवा एकदोन मिनिटांत सेवा पूर्ववत होते आणि खिडकीवरील कर्मचाऱ्यास क्वचित थोडा विलंब जाणवतो, इतकेच.

तथापि काम हाती घेणाऱ्या सर्व्हरला पहिल्याने शेवटच्या क्षणापर्यंत केलेल्या नोंदी मिळाल्याच पाहिजेत. रजेवर गेलेल्या कारकुनाच्या जागी दुसरा आला, पण नोंदवही पहिल्याच्या घरी कुलुपात राहिली, तर बदली माणसाचा उपयोग काय? यास्तव नोंदवही, म्हणजेच माहितीसाठा, दोघांनाही पोचता येईल अशा ठिकाणी असावा लागतो. यालाच सामायिक साठवण म्हणतात. अनेक संगणकांनी एकच डिस्कसाठा वापरण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने १९८३ मध्ये आपल्या व्हॅक्स संगणकांचे असे समूह जाहीर केले होते.

नर्मदेच्या पाण्याचा दाखला

ही रचना समजण्यास इंदूरच्या पाणीपुरवठ्याचे उदाहरण उपयुक्त आहे. शहराची तहान पूर्वी यशवंत सागर व बिलावली यांसारख्या जलाशयांवर भागत असे. वाढत्या वस्तीस ते अपुरे पडू लागल्यावर १९७० च्या दशकात नर्मदेचे पाणी आणण्यात आले. मंडलेश्वरजवळील जलूद येथून हे पाणी विंध्याचा चढ चढवून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील इंदूरला पोचविले जाते.

अशा योजनेत एक पंप नादुरुस्त झाला तर दुसरा चालू करता येतो. म्हणून पंप नेहमी गरजेपेक्षा अधिक बसवितात. परंतु सर्व पंपांचे पाणी एकाच नळातून जात असेल आणि तो नळ फुटला, तर चांगल्या स्थितीतील दहा पंपही निरुपयोगी ठरतात. सर्व्हर हे पंपांप्रमाणे आहेत आणि सामायिक साठा हा जलाशय व मुख्य नळ यांच्याप्रमाणे आहे. दोन सर्व्हर घेऊन त्यांच्यामागे एकुलती एक डिस्कपेटी ठेवणे म्हणजे दोन पंपांना एकच जुना नळ जोडण्यासारखे होय. खर्च दुप्पट होतो, पण भरवसा वाढत नाही.

साठवणीचे प्रमुख प्रकार

सामायिक साठवणीचे पाच प्रकार आज सामान्यतः वापरात आहेत.

पहिला प्रकार थेट जोडलेल्या डिस्कपेटीचा. एका पेटीत अनेक डिस्का असतात व ती जाड केबलांनी दोन सर्व्हरांना थेट जोडलेली असते. मध्ये स्विच नसतो, वेगळे जाळे नसते. किंमत कमी, वेग चांगला व देखभाल सोपी असते. मात्र केबलची लांबी काही मीटरच असल्याने सर्व काही एकाच खोलीत ठेवावे लागते आणि जोडता येणाऱ्या सर्व्हरांची संख्या दोन ते चार इतकीच असते. लहान कार्यालयास हा प्रकार पुरेसा असतो.

दुसरा प्रकार फायबर चॅनल जाळ्याचा. यात साठा व सर्व्हर यांच्यामध्ये काचतंतूंच्या केबलांचे स्वतंत्र जाळे असते. ते केवळ साठवणीसाठी राखून ठेवलेले असल्याने त्यावर अन्य गर्दी होत नाही. वेग व भरवसा या दोन्ही बाबतींत हा प्रकार उत्तम मानला जातो. बँका व मोठी रुग्णालये यांत तो दीर्घकाळ वापरात आहे. परंतु त्यास खास स्विच, सर्व्हरमध्ये खास कार्डे व जाणकार तंत्रज्ञ लागतात. ज्या गावी असा तंत्रज्ञ उपलब्ध नाही तेथे ही यंत्रणा बसविण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तिसरा प्रकार आयस्कझी हा होय. डिस्कला द्यावयाचे आदेश नेहमीच्या इथरनेट जाळ्यावरून पाठविण्याची ही पद्धत असून तिचे प्रमाणित स्वरूप २००४ मध्ये ठरले. कार्यालयात असतात तशाच प्रकारचे स्विच व केबल चालत असल्याने खर्च आटोक्यात राहतो. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. साठवणीचे जाळे व कार्यालयाचे जाळे एक करू नये. एकाच जाळ्यावरून कर्मचारी चित्रफिती पाहत असतील व त्याच वेळी माहितीसाठ्याची देवघेवही चालू असेल, तर साठा मंदावतो आणि समूहास सर्व्हर बंद पडल्याचा भास होऊन कारण नसताना कामाची अदलाबदल सुरू होते.

चौथा प्रकार फाइलसाठ्याचा. वरील तिन्ही प्रकारांत सर्व्हरला कोरी डिस्क मिळते. या प्रकारात मात्र साठा स्वतःच फाइलींची व्यवस्था पाहतो व सर्व्हर त्याच्याकडे फाइल मागतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केलेली एनएफएस ही पद्धत याच वर्गातील आहे. अनेक सर्व्हरांनी एकाच वेळी त्याच फाइली वाचावयाच्या असतील, तर ही पद्धत सोयीची असते. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे उदाहरण घेता येईल. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या या केंद्रात इंडस-१ व इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन प्रारणाचे स्रोत आहेत आणि देशभरातील संशोधक तेथे येऊन प्रयोग करतात. अशा यंत्रावर प्रयोगासाठी मिळणारी पाळी मोजक्या काळाची असते. त्या काळात निघालेली मोजमापे एका ठिकाणी साठवून अनेक संगणकांवर तपासावयाची असतात. मोजमाप हरविले तर ते पुन्हा घेण्यासाठी नव्या पाळीची वाट पाहावी लागते. अशा स्वरूपाच्या कामास फाइलसाठा योग्य ठरतो. पण तो साठाही एकटा न ठेवता जोडीने असला पाहिजे.

पाचवा प्रकार पेटीविना सामायिकतेचा. यात वेगळी पेटी नसतेच. प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतःच्या डिस्का असतात आणि एका सर्व्हरवर झालेली नोंद जाळ्यावरून त्याच क्षणी दुसऱ्यावरही केली जाते. लिनक्स प्रणालीतील डीआरबीडी ही व्यवस्था दोन सर्व्हरांमध्ये अशी तंतोतंत प्रत राखते. सेफ नावाची व्यवस्था तीन वा अधिक सर्व्हरांवर माहिती वाटून ठेवते व सामान्यतः प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती करते. दोन्ही व्यवस्था मुक्त स्वरूपाच्या असल्याने परवान्याचा खर्च नसतो. तीन प्रतींमुळे विकत घेतलेल्या जागेचा तिसरा हिस्साच उपयोगी पडतो, हे अंदाजपत्रकात धरावे. शिवाय देखभालीचे ज्ञान विक्रेत्याकडे नव्हे, तर कार्यालयातील माणसाकडे असावे लागते.

एक वही, दोन लेखण्या

सामायिक साठ्यातील सर्वांत घातक चूक साधेपणातून घडते. डिस्क दोन सर्व्हरांना दिसते, म्हणून ती दोघांवर एकाच वेळी उघडली जाते. नेहमीच्या फाइलपद्धती, उदाहरणार्थ ईएक्सटी-४, एक्सएफएस वा एनटीएफएस, या एकाच सर्व्हरने डिस्क वापरावी अशा गृहीतावर रचलेल्या आहेत. कोणती जागा रिकामी आहे हे प्रत्येक सर्व्हर आपल्या स्मृतीत धरून ठेवतो. दुसऱ्यानेही त्याच जागी लिहिले तर ते पहिल्यास कळत नाही. एकाच वहीच्या त्याच पानावर दोन तलाठी एकमेकांस न पाहता लिहू लागले तर जे होईल तेच येथे होते, आणि थोड्याच वेळात सारा साठा वाचण्यापलीकडे जातो. दोघांनी एकाच वेळी लिहिणे आवश्यकच असेल, तर जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२ यांसारखी समूहासाठी बनविलेली फाइलपद्धती वापरावी लागते. तीत प्रत्येक लेखनापूर्वी कुलूप मागून घेतले जाते. अन्यथा एका वेळी एकानेच लिहावे, हा नियम श्रेयस्कर.

परंतु नियम केला तरी एक अडचण उरते. दोन्ही सर्व्हर ठीक आहेत, फक्त त्यांना जोडणारी केबल तुटली आहे, असे समजा. संदेश न आल्यामुळे प्रत्येकास वाटते की दुसरा मेला. दोघेही काम हाती घेतात व दोघेही लिहू लागतात. यास समूहाचा मतिभेद म्हणता येईल. साठा सामायिक असेल तर तो नासतो; प्रती वेगळ्या असतील तर दोन परस्परविरुद्ध नोंदवह्या तयार होतात.

हा धोका काल्पनिक नाही. संगणक-आज्ञावली साठविणाऱ्या गिटहब या जगप्रसिद्ध सेवेत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी जाळ्याची जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. तेवढ्या अवधीत यंत्रणेने काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्याकडे सोपविले आणि दोन्हीकडे अशा नोंदी राहिल्या की ज्या दुसरीकडे नव्हत्या. त्यांचा मेळ घालून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

यावर दोन उपाय एकत्र योजावे लागतात. पहिला उपाय बहुमताचा. दोघांच्या वादात निर्णय होत नाही, म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. हा लहानसा संगणक किंवा साठ्यातील छोटी राखीव डिस्कही असू शकते. ज्यास साक्षीदाराचे मत मिळेल त्यानेच काम करावे, दुसऱ्याने थांबावे. मतांची संख्या विषम ठेवण्याचे कारण हेच. दुसरा उपाय कुंपणाचा. संशयास्पद सर्व्हरचा वीजपुरवठा दूरस्थ स्विचने तोडला जातो किंवा साठाच त्याचे लेखन नाकारतो. ही क्रिया पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच दुसरा सर्व्हर डिस्क उघडतो. ज्या विक्रेत्याच्या प्रस्तावात साक्षीदार व कुंपण यांचा उल्लेख नाही, तो प्रस्ताव अपुरा समजावा.

साठाच एकटा पडू नये

आता जलाशय व नळ यांच्याकडे वळू. चांगल्या डिस्कपेटीत नियंत्रक दोन, वीजपुरवठ्याचे भाग दोन व पंखेही जोडीने असतात. प्रत्येक सर्व्हरपासून साठ्यापर्यंत दोन स्वतंत्र वाटा असाव्यात व त्या दोन वेगळ्या स्विचांतून जाव्यात. दोन्ही वीजजोड एकाच बोर्डात खोचलेले असतील, तर जोडीचा अर्थ उरत नाही. अशी उणीव कागदावरील आराखड्यात दिसत नाही. ती प्रत्यक्ष खोलीत जाऊनच पाहावी लागते.

डिस्का केव्हा ना केव्हा बिघडणारच, हे गृहीत धरावे. यासाठी रेड ही पद्धत वापरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८८ मध्ये ती मांडली. रेड-१ मध्ये प्रत्येक डिस्कची जुळी डिस्क असते. रेड-५ मध्ये एक डिस्क व रेड-६ मध्ये दोन डिस्का गेल्या तरी माहिती शाबूत राहते. आजच्या मोठ्या डिस्कांसाठी रेड-५ वर विसंबणे योग्य नाही. १६ टेराबाइटची डिस्क दर सेकंदास २०० मेगाबाइट वेगाने पुन्हा भरावयाची म्हटली तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षात काम चालू असल्याने हा काळ वाढतो. त्या काळात दुसरी डिस्क गेली तर रेड-५ मधील सर्व माहिती जाते.

अंतराचा हिशोब

दुसरी प्रत त्याच खोलीत असेल तर आग व पूर यांपासून संरक्षण मिळत नाही. ती दूर ठेवावी, तर काळाचे बंधन येते. काचतंतूत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. दोन्हीकडे नोंद झाल्यावरच "झाले" असे म्हणावयाचे असेल, तर प्रत्येक नोंदीस जाण्यायेण्याचा वेळ लागतो. शंभर किलोमीटरसाठी हा वेळ एक सहस्रांश सेकंद होतो. इंदूर ते भोपाळ हे रस्त्याचे सुमारे १९० किलोमीटर अंतर धरले, तर तो दोन सहस्रांशांच्या आसपास जातो. हे अत्यल्प वाटते. पण एका अर्जामागे शेकडो लहान नोंदी होत असतील, तर खिडकीवरचा विलंब स्पष्ट जाणवतो. म्हणून जवळच्या अंतरावर तत्क्षणी प्रत व दूरच्या अंतरावर थोड्या उशिराने प्रत, अशी विभागणी करतात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची राष्ट्रीय माहितीकेंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर अशा परस्परांपासून दूरच्या शहरांत आहेत. एका प्रदेशावरील संकट दुसऱ्यास स्पर्श करू नये, हा अशा रचनेचा लाभ होय.

जोडी म्हणजे जतन नव्हे

येथे एका व्यापक गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. दोन सर्व्हर, दोन पेट्या व दोन वाटा असल्या म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असे अनेकांना वाटते. परंतु एखाद्या कर्मचाऱ्याने चुकून नोंदी पुसल्या, तर त्या दुसऱ्या प्रतीतूनही त्याच क्षणी पुसल्या जातात. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या दुष्ट आज्ञावलीचेही तसेच. जोडीमुळे सेवा अखंड राहते. गेलेली माहिती परत आणण्याचे काम जतनप्रतीचे, म्हणजे बॅकअपचे आहे.

दक्षिण कोरियातील घटना याची साक्ष देते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील शासकीय माहितीकेंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली व ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपली कागदपत्रे ठेवण्यासाठी वापरलेला ८५८ टेराबाइटचा साठा त्यात नष्ट झाला. त्याची अन्यत्र प्रत नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशावर हा प्रसंग आला. आपल्याकडेही २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. कागद असो वा डिस्क, एकाच इमारतीतील एकुलती प्रत ही प्रत नव्हेच.

यासाठी एक सोपा नियम आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवल्यास अधिक उत्तम.

निवड करताना विचारावयाचे प्रश्न

निवडीचा आरंभ यंत्रांच्या माहितीपत्रकापासून न करता सेवेपासून करावा. पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे कार्यालयप्रमुखांनी स्वतः तयार करावीत.

एक, सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल? ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, तर ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. प्रत्येक पायरीस खर्च बराच वाढतो. दाखल्यांच्या खिडकीस मधली पायरी पुरते. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागास कदाचित पुरणार नाही.

दोन, किती काळाची नोंद पुन्हा करता येईल? शेवटच्या दहा मिनिटांतील अर्ज पुन्हा भरून घेता येत असतील, तर उशिराची प्रत चालेल. पैशाच्या व्यवहारात एकही नोंद गमावून चालणार नाही.

तीन, माहिती कोणत्या स्वरूपाची आहे? नोंदींच्या कोठारास कोरी डिस्क देणारा साठा योग्य. छायाचित्रे व कागदपत्रे यांस फाइलसाठा योग्य. कोठाराची प्रणाली स्वतःच प्रती राखत असेल, तर सामायिक पेटीची गरज आहे काय, हेही तपासावे.

चार, बिघाड झाल्यास दुरुस्त कोण करील व किती वेळात पोचेल? या प्रश्नाचे उत्तर नसेल तर स्वस्त यंत्रणाही महाग पडते. दोन सर्व्हर व थेट जोडलेली चांगली पेटी, ही कार्यालयास समजणारी रचना, कोणासही न समजणाऱ्या भव्य रचनेपेक्षा बरी.

पाच, पाच वर्षांनी साठा किती वाढेल? कागदपत्रांच्या प्रतिमा साठविणाऱ्या कार्यालयांत ही वाढ अंदाजाबाहेर होते.

चाचणीचे महत्त्व

यंत्रणा स्वीकारण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. सुटीच्या दिवशी, आधी जतनप्रत घेऊन, चालू सर्व्हरची वीज बंद करावी व दुसरा किती वेळात उभा राहतो ते घड्याळ लावून पाहावे. मग एक केबल काढावी, एक डिस्क काढावी, एक स्विच बंद करावा. जतनप्रतीतून एक नोंद परत आणून ती मूळ नोंदीशी ताडून पाहावी. हा क्रम दर सहा महिन्यांनी करावा व त्याची नोंद वहीत ठेवावी. पावसाळ्यापूर्वी धरणाचे दरवाजे उघडून-मिटून पाहण्याची प्रथा आहे. न उघडलेला दरवाजा पुराच्या रात्री उघडेल, असे कोणी गृहीत धरीत नाही.

शाळेतील शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांस पंप व नळ यांच्या उदाहरणाने समजावून द्यावा. ग्रामस्थांनीही "सर्व्हर बंद आहे" हे उत्तर दैवगती मानू नये. दुसरा सर्व्हर आहे काय, माहितीची प्रत कोठे आहे व शेवटची चाचणी केव्हा झाली, हे तीन प्रश्न विचारण्याचा त्यांस अधिकार आहे. शेतकऱ्याचा खसरा, विधवेचे निवृत्तिवेतन व विद्यार्थ्याचा जातीचा दाखला ज्या डिस्केवर अवलंबून आहे, ती सांभाळणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम नाही. ते प्रशासनाचे कर्तव्य आहे.